किती दळायचं? टाइल, पाणी आणि धूळ यांचा हिशेब

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने दगड दळण्यावर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. 'कार्यक्षमता' हा शब्द हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, आणि तो शेवटी एक भागाकार आहे. वर काय लिहायचं, खाली काय लिहायचं आणि हिशेबाची वही कुठे मिटायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. हे ठरवण्याचे परिणाम दाखवायला टाइलसाठी दगड दळण्याइतकं उघड उदाहरण आम्हाला दुसरं मिळालं नाही. म्हणून आज आधी चक्कीच्या आत जाऊ, मग बाहेर येऊ.

आपल्या पायाखाली पूर्वी शहाबादी फरशी असायची. आता बहुतेक घरांत टाइल असते, आणि ती बहुधा गुजरातेतल्या मोरबीहून आलेली असते. मच्छू नदीकाठच्या या गावाभोवती टाइलचे शेकडो कारखाने आहेत. या टाइलमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली चिकणमाती, तिच्यामुळे कच्ची टाइल आकार धरते. दुसरा फेल्डस्पार नावाचा खनिज दगड. तो भट्टीत वितळतो आणि बाकीच्यांना काचेसारखा चिकटवून टाकतो. तिसरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. ती सांगाड्याचं काम करते. व्हिट्रिफाइड टाइल साधारण 1200 अंश सेल्सिअसला भाजतात, आणि चांगली भाजली तर ती आपल्या वजनाच्या 0.5 टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही.

आता दळायचं कशाला? वितळण्याची आणि चिकटण्याची क्रिया कणांच्या पृष्ठभागावर चालते. भट्टीत टाइल तासाभरातच या टोकाकडून त्या टोकाला जाते, तेवढ्या वेळात फेल्डस्पारचा मोठा खडा पुरता वितळणार नाही. गारगोटीचं दुखणं वेगळं आहे. 573 अंशांना तिच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकारमानही बदलतं. थंड होताना मोठा कण एकदम आकसला, की त्याच्याभोवती बारीक तडा जातो. म्हणून बारीक दळायचं. कारखान्यात याची परीक्षा साधी असते. दळलेला चिखल 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात आणि वर काय उरतं ते वाळवून मोजतात. भिंतीच्या टाइलला काही टक्के अवशेष चालतो, व्हिट्रिफाइडला तो 1 टक्क्याच्या आसपास आणतात.

दळण्याचं यंत्र म्हणजे बॉल मिल. आडवा ठेवलेला एक मोठा पिंप, आत निम्म्यापर्यंत गोटे, त्यात दगडाचा चुरा आणि पाणी. पिंप फिरतो, गोटे भिंतीबरोबर वर चढतात आणि घरंगळत खाली येतात. त्यांच्या मधे सापडलेला कण फुटतो. जात्यात दाणा दोन दगडांच्या मधे सापडतोच. इथे मात्र सापडला तर सापडला. यंत्राचा सगळा उधळेपणा या 'तर'मध्ये आहे. बहुतेक वेळा गोटा गोट्यावर आपटतो, कण बाजूला सरकतो आणि शक्ती उष्णतेत जाते. मिलमधून निघणारा चिखल हाताला गरम लागतो तो यामुळे. घरी मिक्सरमध्ये चटणी गरम होते, तीच गोष्ट.

मग पिंप जोरात फिरवावा का? समजा त्याचा आतला व्यास 2.25 मीटर आहे. 42.3 ला व्यासाच्या वर्गमुळाने, म्हणजे 1.5 ने भागलं, तर 28.2 येतात. मिनिटाला साधारण 28 फेऱ्या झाल्या की गोटे भिंतीला चिकटून पिंपाबरोबर गोल फिरत राहतात, खाली पडतच नाहीत. मोटर वीज खाते आणि दळण शून्य. याला क्रांतिक वेग म्हणतात. ओल्या दळणात त्याच्या 60-70 टक्क्यांवर, म्हणजे इथे 17 ते 20 फेऱ्यांवर पिंप चालवतात.

गोट्यांचाही हिशेब आहे. नदीचे किंवा समुद्रकाठचे गारेचे गोटे स्वस्त असतात, त्यांची घनता सुमारे 2.6. ॲल्युमिनाचे गोटे महाग, त्यांची घनता सुमारे 3.6. वरवर पाहिलं तर फरक दीडपटीहूनही कमी. पण गोटे हवेत पडत नाहीत, चिखलात पडतात, आणि चिखलाची घनता असते 1.7 च्या घरात. आर्किमिडीजने सांगितलेलं वजा करा. गारेच्या गोट्याकडे मारायला उरतात 0.9, ॲल्युमिनाच्या गोट्याकडे 1.9. फरक दुपटीवर गेला. लोखंडाचे गोटे याहूनही जड आणि स्वस्त, पण त्यांची झीज चिखलात मिसळते आणि भाजल्यावर टाइलवर काळे ठिपके उठतात. म्हणून पिंपाला आतूनही रबराचं, दगडाचं किंवा ॲल्युमिनाच्या विटांचं अस्तर लावतात.

पुस्तकांत एक वाक्य वारंवार येतं, की दळण्याला दिलेल्या शक्तीपैकी नवे पृष्ठभाग तयार करण्यात खर्च होते ती 1 टक्क्याहूनही कमी. ऐकून माणूस दचकतो. इथे आमच्यातला तर्कशास्त्राचा मास्तर जागा होतो. भागाकारात वर काय लिहिलंत? नव्या पृष्ठभागाची ऊर्जा. पण कण फुटण्याआधी दाबला जातो, ताणला जातो, आणि ती शक्ती फुटताना निघून जाते. ती टाळून दगड फोडण्याचा मार्ग कुणाकडे नाही. उलट एकच कण दोन पट्ट्यांमध्ये हळू दाबून फोडायला लागते तेवढी शक्ती आदर्श मानली, तर त्याच बॉल मिलची कार्यक्षमता कितीतरी पट जास्त दिसते. यंत्र तेच आणि वीजही तीच, आकडा फक्त आदर्श बदलल्यामुळे बदलला. आमचा सल्ला असा, की कुणी कार्यक्षमतेचा आकडा सांगितला की आधी विचारावं, कशाच्या तुलनेत? मोटर विकणारा आणि मिल विकणारा वेगवेगळी उत्तरं देतील, आणि दोघंही खोटं बोलत नसतील.

कारखानदाराला मात्र पृष्ठभागाच्या ऊर्जेशी देणंघेणं नसतं. त्याला विजेचं बिल येतं. त्याच्या उपयोगाचं सूत्र 1952 साली फ्रेड बाँडने मांडलं. त्याआधी रिटिंगरने 1867 मध्ये आणि किकने 1885 मध्ये आपापले नियम सांगितले होते, त्यांच्या वादात आज शिरत नाही. बाँड म्हणतो, लागणारी शक्ती कणाच्या मापाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. फेल्डस्पारसारख्या दगडासाठी टनाला 13 हा निर्देशांक धरून आम्ही कागदावर हिशेब केला. माप म्हणजे ज्याच्याखाली 80 टक्के माल येतो ते. 2 मिलिमीटरपासून 100 मायक्रॉनपर्यंत यायला साधारण 10 युनिट लागतात. तिथून 50 मायक्रॉनला यायला आणखी 5. तिथून 25 मायक्रॉनला यायला आणखी 8. पहिल्या 10 युनिटांत माप विसाव्या हिश्शावर आलं, शेवटच्या 8 मध्ये नुसतं निम्मं झालं. प्रत्यक्ष कारखान्यात याहून जास्त वीज लागते, पण चढ असाच असतो.

चाळणीवरच्या अवशेषाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. समजा तासागणिक अवशेष निम्मा होतोय. 8 चा 4 झाला, मग 4 चा 2, मग 2 चा 1. दर तासाला वीज तीच, पण पहिल्या तासाने 4 टक्के माल सुधारला आणि तिसऱ्याने फक्त 1. बरं, त्या तिसऱ्या तासात बाकीचा 98 टक्के माल काही गप्प बसलेला नसतो. तो आधीच बारीक झालेला असून पुन्हा पुन्हा भरडला जातो. त्यामुळे दळणात वीज वाचवायची सगळ्यांत स्वस्त युक्ती म्हणजे वेळेवर थांबणं. ऑपरेटर मात्र थांबत नाही. अवशेष जास्त निघाला तर त्याला बोलणी बसतात, कमी निघाला तर कुणी काही विचारत नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही अर्धा तास जास्तच चालवला असता.

दुसरी युक्ती, जे दळायची गरज नाही ते दळू नये. चिकणमातीचे कण निसर्गानेच 2 मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली करून ठेवलेले असतात. ती फक्त पाण्यात विरघळल्यासारखी सुटी करायची असते. तरीही अनेक ठिकाणी माती, फेल्डस्पार, गारगोटी सगळं एकदम पिंपात जातं आणि मातीचा लगदा गोट्यांचे आघात गादीसारखे झेलतो. कठीण दगड आधी दळावेत, ते तळाशी बसू नयेत इतपत थोडी माती सोबत घ्यावी, उरलेली माती शेवटी किंवा वेगळ्या ढवळणीच्या टाकीत मिसळावी, ही रीत जुनी आहे. तसंच मोठे खडे मिलमध्ये टाकण्याआधी जबडा क्रशरमधून काढावेत. मोठा खडा फोडण्याचं काम क्रशर मिलपेक्षा किती तरी स्वस्तात करतो.

आता पाण्याकडे येऊ. आमच्या मते खरा खर्च इथे लपलेला आहे.

टाइलसाठी लागतो तो जवळजवळ कोरडा, रव्यासारखा दाणा. त्यात ओल असते 6 टक्क्यांच्या आसपास. पण दळलेल्या चिखलात पाणी असतं 34 टक्क्यांच्या घरात. हा चिखल पंपाने उंच मनोऱ्यात फवारतात, समोरून गरम हवा येते, आणि थेंबाचा खाली पडेपर्यंत दाणा होतो. याला स्प्रे ड्रायर म्हणतात. कोरड्या मालाच्या 1 टनामागे 34 टक्क्यांच्या हिशेबाने 515 किलो पाणी येतं. दाण्यात राहतं 64 किलो. म्हणजे सुमारे 450 किलो पाणी वाफ करून आकाशात सोडायचं. 1 किलो पाणी तापवून उडवायला कमीत कमी 0.7 युनिट उष्णता लागते. झाले 315 युनिट. दळणाला किती लागले होते? 23. विजेचं युनिट उष्णतेच्या युनिटाच्या तिप्पट महाग धरा आणि प्रत्यक्ष वीज सूत्राच्या दुप्पट धरा, तरी सुकवणं दळणापेक्षा दुपटीने भारी पडतं.

चिखलात पाणी 34 ऐवजी 38 टक्के असेल तर टनाला आणखी 100 किलोच्या आसपास पाणी उडवावं लागतं, म्हणजे जवळपास 70 युनिट उष्णता. मग पाणी कमी का घालत नाहीत? चिखल घट्ट झाला की गोटे त्यात रुततात. चटणी वाटताना पाणी कमी पडलं की पातं नुसतं फिरतं आणि वाटण कडेला बसून राहतं, तसं. त्यावर उपाय म्हणून सोडियम सिलिकेट किंवा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटसारखं द्रव्य चिमूटभर घालतात. मातीचे कण एकमेकांना चिकटून जाळी करतात, त्यांच्यावर हे द्रव्य सारखाच विद्युतभार चढवतं, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि त्याच पाण्यात चिखल पातळ होतो. पण माल जितका बारीक दळाल तितका चिखल पुन्हा घट्ट होतो आणि पाणी जास्त मागतो. गरजेपेक्षा जास्त दळण्याचा दंड असा दोनदा भरावा लागतो, एकदा मिलच्या मीटरवर आणि दुसऱ्यांदा ड्रायरच्या इंधनात. दोन विभागांचे दोन वेगळे साहेब असले की हा दुसरा दंड पहिल्याच्या वहीत दिसत नाही.

इथे कुणीही विचारेल, की पाणीच एवढं महाग पडतं तर ते मुळात घातलंच का? याचं उत्तर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांकडे मिळतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भांडी पांढरी व्हावीत म्हणून चकमकीचा दगड भाजून त्याची पूड मातीत घालायला लागले. चकमक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. ती कोरडी कुटत. कुटणारे खोकत आणि काही वर्षांत मरत. 1726 साली थॉमस बेन्सन याने हा दगड पाण्यात दळण्याचं पेटंट घेतलं. कितीही धडधाकट माणूस या कोरड्या कामात फार काळ जगत नाही, हे कारण पेटंटच्या मजकुरातच दिलं आहे. त्याने आधी लोखंडी गोळे वापरले, लोखंडाने भांड्यांचा रंग बिघडला, म्हणून 1732 मध्ये दगड वापरण्याचं दुसरं पेटंट घेतलं. टाइलवरच्या काळ्या ठिपक्यांचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

सांगायचं हे, की ओल्या दळणाचं ते पेटंट घेताना वीज किंवा इंधन वाचवण्याचा प्रश्न नव्हता. पाणी आलं माणसाच्या फुप्फुसासाठी. पुढे कळलं की ओल्या दळणाने दळणाची शक्तीही वाचते. बाँडच्या पद्धतीत कोरड्या दळणाला सुमारे 1.3 पट शक्ती धरतात.

वैशेषिक दर्शनात कणादांच्या परंपरेने त्रसरेणूची कल्पना मांडली. खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे त्रसरेणू, डोळ्यांना दिसणाऱ्यांतला सगळ्यांत लहान. त्याखालचे द्व्यणुक आणि परमाणू दिसत नाहीत, त्यांचं अनुमान करावं लागतं. गारगोटीच्या धुळीलाही हे लागू पडतं. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते ती धूळ 10 मायक्रॉनच्या खालची, त्यातही 5 च्या खालची. तिचा सुटा कण कामगाराला दिसत नाही. जी धूळ दिसते, डोळ्यांत जाते, शिंकेबरोबर बाहेर पडते, ती त्यातल्या त्यात बरी. न दिसणारी आत राहते, फुप्फुसात तिच्याभोवती व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरं करणारं औषध नाही, आणि काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो.

आता गुजरातेतलीच दुसरी जागा पाहू. मोरबीपासून दूर, पूर्वेकडे गोध्रा आणि बालासिनोर या भागात गारगोटी कोरडी दळून पूड विकणारे कारखाने होते. अशी पूड काच, सिरॅमिक आणि इतर उद्योगांना लागते. तिथे कामाला मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर यायचे. शेतीत भागत नाही म्हणून काही महिन्यांसाठी आलेली तरणी माणसं गावी परतून मेली. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं. 2016 च्या मे महिन्यात न्यायालयाने 238 मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत असा आदेश गुजरात सरकारला दिला.

त्या पुडीचं पुढे नक्की काय काय झालं, कोणतं पोतं कुठल्या कारखान्यात गेलं, याचा माग आम्ही लावलेला नाही, आणि कुणा एकाकडे बोट दाखवणं हा आजचा विषयही नाही. आम्हाला हिशेबाची रीत दाखवायची आहे. समजा एखाद्या कारखान्याने ठरवलं की गारगोटी खड्याच्या रूपात घ्यायची नाही, तयार पूड घ्यायची. त्याच्या मिलला काम कमी पडेल, तास कमी होतील, टनामागची युनिटं खाली येतील, आणि ऊर्जा-तपासणी करणारा त्याची पाठ थोपटेल. पण दगड तर दळला गेलाच. ती वीज दुसऱ्याच्या मीटरवर गेली. दळण कोरडं असेल आणि धूळ ओढून घ्यायची सोय नसेल, तर धूळ अशा माणसाच्या छातीत गेली ज्याचं नाव या कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. भागाकार बिनचूक आहे, वही मात्र फाटकाशी मिटलेली आहे.

व्यवहारात काय करता येईल? पूड विकत घेणाऱ्याने दर आणि जाळी विचारतो तसं ती ओली दळली की कोरडी, आणि कोरडी असेल तर तिथे हवेतल्या सिलिकेची मोजणी होते का, हे विचारावं. टनामागच्या ऊर्जेचा आकडा मांडताना विकत घेतलेल्या पुडीच्या दळणाची वीजही त्यात धरावी. यातलं काही अवघड नाही. खरेदी विभागाच्या कागदावर दोन रकाने वाढतील.

वेळ होत आला आहे, चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन घेतो.

पहिली चिठ्ठी: "मग कोरडं दळण बंदच करावं का?" नाही. युरोपात आणि इतरत्रही टाइलसाठी कोरडं दळण करणारे कारखाने आहेत. बंदिस्त रोलर मिल, आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे फट पडली तरी धूळ बाहेर न येता हवा आत जाते, आणि शेवटी कापडी पिशव्यांचं गाळण. नंतर पुडीत थोडं पाणी शिंपडून दाणे करतात. स्प्रे ड्रायरपेक्षा पाणी खूप कमी उडवावं लागतं, इंधनाची बचत मोठी होते. मालाच्या एकजिनसीपणात ओलं दळण अजून सरस मानतात, म्हणून सगळे तिकडे वळलेले नाहीत. आमचा आक्षेप उघड्यावरच्या कोरड्या दळणाला आहे. पाणी काढायचं असेल तर खुशाल काढावं, पण 1726 मध्ये ते ज्या कामासाठी आलं ते काम आता कोण करणार, हे आधी सांगावं.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे: "आमच्या घरी टाइलचं काम चालू आहे. मिस्त्री टाइल कापतो तेव्हा सगळीकडे पांढरा धुरळा होतो. त्यातही हेच असतं का?" होय. भट्टीत सगळी गारगोटी वितळत नाही, टाइलमध्ये ती उरते, आणि कटरचं पातं तिला पुन्हा बारीक दळतं. तुम्हाला दोन दिवसांचा त्रास आहे, मिस्त्री ते रोज आणि वर्षानुवर्षं करतो. त्याला सांगा, टाइल शक्यतो बाहेर मोकळ्यावर काप. पात्यावर पाण्याची धार सोडणारं कटर त्याच्याकडे असेल तर तेच वापरायला लावा. त्याला वेळ जास्त लागेल आणि चिखल होईल, तर तो चिखल आम्ही पुसू असंही सांगा. साध्या ग्राइंडरवर कुणी बाटलीने पाणी ओतू नये, शॉक बसेल. पाण्याचं कटर नसेल तर सरळ कापांसाठी हाताने रेघ मारून टाइल मोडायचं हँड कटर मिळतं, त्याने धूळ जवळजवळ होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्क आणून द्या. आणि संध्याकाळी ती पांढरी पूड केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.